धनाजींचे घोडे आणि ठासणीची बंदूक

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात, पुणे-बंगळूर महामार्गापासून जवळच पेठ वडगाव आहे. नावाप्रमाणेच हे गाव पेठेचे. आठवड्याच्या बाजाराला आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या माणसांची येथे आजही गर्दी असते. या गजबजलेल्या गावात मराठ्यांच्या एका सेनापतीची समाधी आहे. औरंगजेबाच्या फौजांना ज्यांनी अठरा वर्षे स्वस्थ झोप लागू दिली नाही, ते धनाजी जाधवराव १७०८ च्या पावसाळ्याच्या तोंडावर येथेच निवर्तले.

धनाजींचे नाव घेतले, की पाणी पिताना बिचकणाऱ्या मोगली घोड्यांची दंतकथा आठवते. पाण्यात संताजी-धनाजी दिसतात म्हणून घोडी पाणी पीत नसत, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. दंतकथा भीतीचे मोजमाप सांगते. पण ती भीती कशातून निर्माण झाली, हे सांगत नाही. त्याचे एक उत्तर त्या काळच्या बंदुकीत, आणि त्या बंदुकीत ठासल्या जाणाऱ्या कापडाच्या लहानशा तुकड्यात दडलेले आहे. धनाजींचे आयुष्य त्या बाजूने पाहिले, तर त्यांचा पराक्रम अधिक स्पष्ट होतो आणि त्यांच्या मर्यादाही.

चिंधीचे गणित

सतराव्या शतकातील बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग शिशाची गोळी सोडायची आणि गजाने ती खाली ठासायची. बंदुकीच्या कानाशी रंजक घालून पेटती जामगी तेथे टेकवली, की बार उडे. ऐकायला हे सोपे वाटते. अडचण गोळी आणि नळी यांच्या मापात होती. गोळी नळीच्या नेमक्या मापाची ओतली, तर ती खाली उतरत नाही. चार-सहा बारांनंतर नळीत दारूची काजळी साचली, की मुळीच उतरत नाही. म्हणून गोळी किंचित लहान ओतावी लागे. ती लहान झाली, की बाजूच्या फटीतून दारूचा जोर निसटतो, गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडते आणि नेम चुकतो. नळी खाली झुकली, तर गोळी बार उडण्यापूर्वीच घरंगळून पडण्याचीही भीती.

ही फट भरण्याचे काम काथ्या, कागद किंवा कापडाची चिंधी करते. त्यातही गोळीभोवती गुंडाळलेले कापड सर्वांत उपयोगी. मात्र कोणतेही कापड चालत नाही. मलमल पातळ असते, ती दारूच्या ज्वाळेने जळून जाते. सैल विणीचे कापड गजाच्या दाबाखाली फाटते. जाड गोधडीचा तुकडा गोळीला अडकवून ठेवतो. हवे असते ते घट्ट विणीचे, ताणा आणि बाणा सारख्या जाडीचा असलेले सुती किंवा तागाचे कापड, म्हणजे आपल्याकडच्या चांगल्या मांजरपाटासारखे. नव्या कापडाला खळ असते. ती धुऊन काढल्याशिवाय कापड गोळीला नीट लपेटत नाही आणि तेल वा चरबीही शोषत नाही. हाताने ओढून पाहिल्यावर जे लांबत नाही आणि दाबल्यावर मऊ लागते, ते कापड चांगले. आजच्या कृत्रिम धाग्याचे कापड तर निरुपयोगीच, कारण ते उष्णतेने वितळून नळीला चिकटते.

कापण्याच्याही रीती आहेत. कोणी आधीच गोल चकत्या कापून ठेवतात, कोणी चौकोनी तुकडे. तिसरी रीत अशी, की चरबी लावलेली कापडाची पट्टी नळीच्या तोंडावर पसरायची, गोळी तोंडाच्या किंचित आत दाबायची आणि वर उरलेले कापड धारदार सुरीने तोंडाशी सपाट कापून टाकायचे. अशाने कापड गोळीभोवती सर्व बाजूंनी सारखे बसते. चकती गोळीला पुरेशी लपेटेल एवढी रुंद हवी. फार मोठी झाली, तर तिच्या चुण्या पडतात आणि गोळी तिरकी सुटते. बार उडाल्यावर जमिनीवर पडलेली चिंधी उचलून पाहणारा बंदूकची खरा जाणकार. मध्ये जळालेली चिंधी कापड पातळ असल्याचे किंवा चरबी कमी पडल्याचे सांगते. कडांना कापल्याच्या खुणा असतील, तर नळीच्या तोंडाची किंवा आतल्या खाचांची धार तपासावी लागते. चिंधी अखंड आणि केवळ काळवंडलेली असेल, तर माप जमले.

युरोपात पुढे नळीत पिळाच्या खाचा पाडलेल्या बंदुकांचा प्रसार झाला, तेव्हा या चिंधीचे महत्त्व आणखी वाढले. खाचांचा पीळ गोळीला पकडून देते ती हीच चिंधी. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. जर्मन शिकारी, त्यानंतर अमेरिकेतील वसाहतींचे शिकारी आणि १८०० नंतर ब्रिटिशांच्या बेकर रायफलचे शिपाई चरबी लावलेले तुकडे जवळ बाळगत. १८५३ च्या एन्फील्ड रायफलमध्ये कापडाची जागा काडतुसाच्या चरबी लावलेल्या कागदाने घेतली आणि त्याच चरबीवरून १८५७ मध्ये हिंदुस्थान पेटला. कोल्हापुरातही त्या वर्षी ३१ जुलैला सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला.

पण या साऱ्या काळजीची किंमत वेळेत मोजावी लागते. धनाजींच्या काळात दख्खनेत बहुतांश बंदुका गुळगुळीत नळीच्या आणि जामगीच्या होत्या. दारू मोजणे, चिंधी बसवणे, गज चालवणे, रंजक भरणे, जामगी सावरणे यांत सरावलेल्या हाताचेही अर्धे ते एक मिनिट सहज जाई. घाईत चिंधी टाळली, तर बार लवकर भरे. पण नेम जाई. तेवढ्या अर्ध्या मिनिटात भरधाव घोडा तीनशे मीटर कापतो आणि गुळगुळीत नळीचा खात्रीचा नेम शंभर मीटरच्या पुढे फारसा लागत नसे. एका बारानंतर दुसरा बार भरेपर्यंत बंदूकची निःशस्त्र असे. मराठी घोडदळ लढत होते ते याच दोन बारांमधल्या अवकाशात.

सिंदखेडकरांचे रक्त

धनाजींचा जन्म १६५० च्या सुमाराचा. घराणे सिंदखेडच्या जाधवांचे, म्हणजे जिजाबाईंच्या माहेरचे. लखुजी जाधव आणि त्यांचे पुत्र १६२९ मध्ये दौलताबादेत निजामशाही दरबारात दग्याने मारले गेले. त्यानंतर त्या घराण्यातील एक शाखा भोसल्यांच्या आश्रयाने वाढली. धनाजी त्या शाखेतले. स्वराज्याची चाकरी त्यांच्याकडे नात्यातूनच आली होती.

प्रतापराव गुजर यांच्या हाताखाली ते घोडदळात शिकले. फेब्रुवारी १६७४ मध्ये आजच्या गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी बहलोलखानाच्या सैन्यावर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. त्या प्रसंगानंतर फौज सावरून धरणाऱ्या तरुण सरदारांत हंसाजी मोहिते आणि संताजी घोरपडे यांच्या बरोबरीने धनाजींचे नाव घेतले जाते. समोर सज्ज उभ्या असलेल्या शत्रूवर आंधळी झेप घेतली, तर शौर्यही वाया जाते. नेसरीचा हा अर्थ धनाजींच्या पुढच्या प्रत्येक मोहिमेत उतरलेला दिसतो.

जिंजीचा वेढा

संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, मार्च १६८९ पासून स्वराज्याचे अस्तित्वच पणाला लागले. रायगडाला वेढा पडला. राजाराम महाराज निसटून दक्षिणेत जिंजीला गेले. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांनी कारभार सांभाळला आणि रणांगण संताजी व धनाजी या दोघांनी. राजाराम महाराजांनी धनाजींना जयसिंगराव हा किताब दिला.

१६९२ च्या अखेरीस हे दोघे सरदार मोठी फौज घेऊन जिंजीच्या मदतीला उतरले. संताजींनी कांचीजवळ अलीमर्दानखानाला पकडले. धनाजी थेट वेढ्यावर चालून गेले. किल्ल्याभोवती मोगलांची ठाणी दूरदूर विखुरलेली होती. प्रत्येक ठाण्यात बंदूकची होते, तोफा होत्या, पण एका ठाण्याची मदत दुसऱ्याला वेळेवर पोहोचत नव्हती. धनाजींनी नेमके हेच हेरले. पश्चिमेकडच्या ठाण्याचा सरदार इस्माईलखान मका माघार घेण्यात उशीर करून बसला. धनाजींनी त्याला गाठले, जखमी करून कैद केले. वेढा घालणारेच वेढले गेले. जुल्फिकारखानाला अवजड तोफा निकामी करून वांदिवाशकडे हटावे लागले.

ही त्यांची पद्धत. सज्ज रांगेवर ते सहसा चालून जात नसत. वाटचालीत, मुक्काम मोडताना, नदी ओलांडताना, म्हणजे शत्रूचा बार भरलेला नसताना ते गाठत. बंदुका बंद पडायच्या त्या घोड्याच्या वेगाने आणि योग्य क्षणाच्या निवडीने.

संताजींशी वितुष्ट

याच काळात संताजींनी वेगळी वाट दाखवली. घोड्याच्या वेगाला त्यांनी कर्नाटकातील पायदळ बंदूकच्यांची जोड दिली. नोव्हेंबर १६९५ मध्ये दोड्डेरीला कासिमखानाची फौज कोंडली गेली, ती या जोडीमुळे. जानेवारी १६९६ मध्ये बसवपट्टणजवळ हिंमतखान गोळी लागूनच पडला. घोडेस्वार शत्रूला जागी खिळवून ठेवत आणि आडोशाला बसलेला बंदूकची सावकाश, माप जुळवून, नेम धरून बार टाकी. चिंधी नीट बसवायला लागणारा वेळ त्याला आता मिळत होता.

दोघांचे स्वभाव मात्र जुळणारे नव्हते. संताजी कडक शिस्तीचे आणि फटकळ. धनाजी मोकळ्या मनाचे, माणसे राखणारे, दरबारात वागण्याची रीत जाणणारे. राजाराम महाराज आणि संताजी यांच्यात बेबनाव झाला, तेव्हा महाराजांनी धनाजींना जवळ केले. १६९६ मध्ये दोन मराठी फौजा समोरासमोर आल्या. त्या लढाईत धनाजींचा पराभव झाला आणि त्यांच्या बाजूचे अमृतराव निंबाळकर मारले गेले. पुढे संताजींचे सैन्य फुटले, सेनापतिपद धनाजींकडे गेले आणि जून १६९७ मध्ये एकाकी पडलेल्या संताजींना नागोजी माने यांनी मारले. नागोजींच्या पत्नी अमृतरावांच्या भगिनी होत्या, असे सांगितले जाते.

धनाजींच्या चरित्रातील हा भाग कोणत्याही गौरवाने झाकता येत नाही. ती हत्या त्यांच्या हातून झाली नाही. पण संताजींचा पाठलाग करणाऱ्या पक्षाचे नेतृत्व त्यांच्याकडेच होते. पुढे काही महिन्यांतच, १६९८ च्या आरंभी, जिंजी पडली. राजाराम महाराज त्याआधीच निसटून गेले, हे स्वराज्याचे भाग्य. तरी घोडा आणि बंदूक यांची संताजींनी बसवलेली सांगड त्यांच्याबरोबरच मोडली.

वाकिनखेड्याचे बंदूकची

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले आणि महाराणी ताराबाईंनी राज्याची सूत्रे हाती घेतली. औरंगजेब एकेक किल्ला घेत फिरत होता. १७०१ मध्ये त्याने पन्हाळा घेतला, तोही बहुतांशी पैसे मोजून. धनाजी त्याच्या छावणीभोवती घिरट्या घालत राहिले. रसद तोडायची, मागे राहिलेल्या तुकड्या कापायच्या, बादशहा पुढे सरकला की मागे राहिलेला किल्ला परत घ्यायचा, असा तो कष्टाचा, दीर्घ दमाचा उद्योग होता.

फेब्रुवारी १७०५ मध्ये बादशहा वाकिनखेड्याला पोहोचला. हे ठिकाण आज कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात, सुरपूरजवळ येते. येथील बेरडांचा नायक पिड्या आणि त्याचे लोक नेमबाजीसाठी दख्खनभर प्रसिद्ध होते. टेकड्यांच्या आडोशाने त्यांनी बादशाही मोर्च्यांना हैराण केले. अनेक मराठे सरदारांनी आपली बायकामुले याच किल्ल्यात सुरक्षित म्हणून ठेवली होती. मार्चअखेर धनाजी जाधव आणि हिंदुराव घोरपडे पाच-सहा हजार स्वारांसह तेथे आले. एका बाजूला बंदूकची तटावरून मारा करत असताना दुसऱ्या बाजूने मराठ्यांनी आपली कुटुंबे बाहेर काढली आणि नंतरही ते वेढ्याच्या मागच्या बाजूने त्रास देत राहिले. एप्रिलअखेर किल्ला पडला, तेव्हा पिड्या नायक आणि त्याची माणसे रात्रीच निघून गेली होती. औरंगजेबाने स्वतः लढवलेला हा शेवटचा वेढा ठरला.

येथे धनाजींना बेरडांच्या बंदुकीचे ऋण पत्करावे लागले. घोडा शत्रूला दमवू शकतो, पण भिंतीमागची लेकरे सुखरूप राहतात ती थांबून, चिंधी बसवून, दर गोळीचा हिशेब ठेवून बार टाकणाऱ्या माणसाच्या जिवावर. संताजींना जे उमगले होते, ते वाकिनखेड्याला पुन्हा सिद्ध झाले.

नर्मदेकाठचा विजय

१७०६ च्या वसंतात धनाजी गुजरातेत उतरले. राजपिपळ्याच्या बाजूला रतनपूर येथे सफदरखान बाबी आणि नजरअलीखान यांच्या छावण्या एकमेकींपासून दूर पडल्या होत्या. धनाजींनी आधी एकाला ओढून बाहेर काढले, मग दुसऱ्यावर झडप घातली. दोघेही हाती लागले. त्यांच्या मदतीला आलेला सुभ्याचा कारभारी अब्दुल हमीदखान नर्मदेच्या बाबा प्यारा उतारावर सापडला. खंडणी घेऊन या सरदारांची सुटका झाली. गुजरातचे दार मराठ्यांना खऱ्या अर्थाने उघडले ते येथे.

पुढच्या वर्षी, मार्च १७०७ मध्ये, अहमदनगरजवळ औरंगजेब मरण पावला. पंचवीस वर्षे चाललेल्या त्याच्या दक्षिण मोहिमेचा शेवट त्याच्या मृत्यूनेच झाला.

खेडची निवड

बादशहा गेला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून महाराष्ट्रात आले. ताराबाईंनी ते शाहू नव्हेतच, कोणी तोतया आहे, अशी भूमिका घेतली आणि धनाजींना त्यांच्यावर पाठवले. निघण्यापूर्वी सरदारांकडून दूधभातावर शपथ घेण्यात आली, अशी परंपरा आहे. भीमेकाठी खेडजवळ १२ ऑक्टोबर १७०७ रोजी दोन्ही फौजा भिडल्या. धनाजींच्या पदरी वसुलीचे काम पाहणारे बाळाजी विश्वनाथ मध्यस्थीत होते. येणारा राजपुत्र खराच शाहू आहे, याची धनाजींची खात्री पटली होती. प्रतिनिधी परशुरामपंत लढले. सेनापतींची फौज लढली नाही. ताराबाईंचा पक्ष मागे हटला आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला. सेनापतिपद धनाजींकडेच राहिले.

या निवडीकडे दोन बाजूंनी पाहता येते. ताराबाईंनी सात वर्षे राज्य जिद्दीने टिकवले होते. ऐन वेळी सेनापतीने साथ सोडणे हा त्यांच्या दृष्टीने विश्वासघातच. दुसरीकडे, छत्रपती संभाजींच्या पुत्रावर शस्त्र धरणे धनाजींना मान्य होणे अवघड होते, आणि मराठ्यांनी मराठ्यांवर तलवार धरली, की काय होते, हे संताजींच्या प्रसंगात त्यांनी जवळून पाहिले होते. आयुष्यभर शत्रूचा बार रिकामा असतानाचा क्षण साधणाऱ्या या सेनापतीने खेडला आपलाच बार राखून ठेवला. राज्य दुभंगायचे ते दुभंगलेच. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची वाट पुढे वारणेच्या दोन काठांनी गेली. पण त्या दिवशी भीमेकाठी होऊ शकणारा मोठा संहार टळला.

वडगावची विश्रांती

१७०८ मध्ये शाहू महाराजांची मोहीम ताराबाईंच्या मुलखात, पन्हाळा-रांगण्याच्या बाजूला चालली होती. पावसाळा तोंडावर आला आणि फौज परतू लागली. ओल्या हवेत जामगी धरत नाही, रंजक भिजते, म्हणून त्या काळी पावसाळा हाच युद्धाचा विसावा. याच परतीच्या वाटेवर धनाजींच्या पायाची जखम चिघळली. इस्माईलखान, सफदरखान, नजरअली यांच्या बंदूकच्यांना जे जमले नव्हते, ते या जखमेने केले. जून महिन्यात वडगावी त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या मागे सेनापतिपद पुत्र चंद्रसेन यांच्याकडे गेले. बाळाजी विश्वनाथांशी त्यांचे बिनसले. शिकारीतील एका हरणावरून झालेला वाद हाताबाहेर गेला. १७११ मध्ये चंद्रसेन शाहूंना सोडून ताराबाईंकडे आणि पुढे निजामाकडे गेले. वडिलांच्या पदरी वाढलेले बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले. धनाजींनी माणसे राखून जे उभे केले होते, ते पुत्राच्या रागाने गमावले.

वडगाव ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात इचलकरंजी आहे. ते संस्थान उभारणारे नारो महादेव हे संताजी घोरपडे यांच्या आश्रयाने वाढलेले. त्या कृतज्ञतेपोटी त्यांनी आपल्या मूळ आडनावाऐवजी घोरपडे हे आडनाव धारण केले. हयातीत वैरी ठरलेल्या दोन सेनापतींच्या स्मृती अशा एकाच तालुक्यात नांदत आहेत. इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू झाला आणि गाव कापडासाठी देशभर ओळखले जाऊ लागले. ठासणीच्या बंदुका संग्रहालयांत गेल्या. कोकणात काही शेतकऱ्यांकडे पिकांच्या राखणीसाठी त्या अजूनही परवान्यावर आहेत. त्या बंदुकीला लागणारे घट्ट विणीचे सुती कापड मात्र आजही याच मातीत विणले जाते. वडगावच्या बाजाराला जाणाऱ्याने पेठेतली खरेदी आटोपल्यावर पाच मिनिटे समाधीपाशी थांबावे. दोन बारांमधल्या क्षणांवर ज्याने एका साम्राज्याला झुलवत ठेवले, त्या सेनापतीसाठी एवढा वेळ फार नाही.